सपरीत जेवणारी मावशी

बुधवारी सकाळी माझी पत्नी गेली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी मुलगा दुधासाठी रडू लागला, आणि दुधाचं पातेलं घरात कुठं ठेवतात हे मला माहीत नव्हतं.

मुलगा दहा महिन्यांचा होता, मुलगी पाच वर्षांची. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नागभीडला मी शाळेत मराठी शिकवत होतो. पुस्तकं सोडली तर घरातल्या कुठल्याच वस्तूची जागा मला ठाऊक नव्हती. थोरली बहीण चंद्रपूरहून आली आणि महिनाभर राहिली. पण तिलाही तिचं घर होतं. निघायच्या दोन दिवस आधी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "लहान्याले मी नेतो. पोरगी राहू दे तुझ्याजवळ, शाळेत नेशीन संग."

"दोघांना वेगळं नाही करायचं," मी म्हणालो.

"मंग बाई ठेव घरात राहाले. पुस्तक वाचून दाखवून पोट भरनार हाये का त्याचं?"

शाळेच्या शिपायानं जवळच्या खेड्यातली एक बाई सांगितली. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, भावाकडे राहायची. ती आली ती एक गाठोडं घेऊन, आणि सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, उभी राहिली. तिथून आतली भिंत दिसते. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. माझ्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतलेली. गावात कोणतं घर कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तसं ते तिलाही ठाऊक होतं. तिनं तसबिरीकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली केली.

"पोरायचं सारं करीन, गुरुजी. तुमचा सयपाकबी करीन. पन माहं जेवन मी येगळं शिजवीन. भावानं तेवढंच सांगून धाडलं."

यावर काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. वर्गात ते मी वर्षानुवर्षं बोलत आलो होतो. पण तेवढ्यात मुलगा बहिणीच्या मांडीवरून उतरला, रांगत गेला आणि त्या बाईच्या लुगड्याला धरून उभा राहू लागला. तिनं त्याला उचललं. तो तिच्या खांद्यावर मान टाकून पडून राहिला. महिन्याभरात माझ्याकडेही तो असा आला नव्हता.

"चालेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी स्वतः जाऊन तिच्यासाठी भात शिजवायला एक गंज, एक ताट आणि एक लोटा आणला. बहिणीनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"वा रे मास्तर! बाप आपला हिरीच्या पान्यासाठी भांडला, अन् तू बाजारातून इटाळ इकत आनला."

ती हसत बोलली होती. मी हसू शकलो नाही.

मुलं तिला मावशी म्हणू लागली. ती पाय लांब करून त्यावर मुलाला पालथं घ्यायची आणि कोमट पाण्यानं न्हाऊ घालायची. मुलीच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची की पोरीच्या भुवया वर जायच्या. मुलाला ती 'लहाने गुरुजी' म्हणे, कारण तो माझ्या पुस्तकांची पानं फाडायचा. "मोठे गुरुजी वाचते, लहाने गुरुजी फाडते. घरात काम करनारी मी एकटीच." आतल्या खोलीत बसून मी हे ऐकत असे. पत्नी गेल्यानंतर घरात पहिल्यांदा कुणीतरी मुलांशी थट्टेनं बोलत होतं.

दुपारी आम्हाला वाढून झालं की ती सपरीत जाई, तीन विटांच्या चुलीवर आपला भात शिजवी आणि आमच्याकडे पाठ करून जेवी. एकदा मुलगा हातात भाताचा घास घेऊन तिच्यापर्यंत रांगत गेला आणि तो तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान वळवली. "तू खाय, राजा." मग तिनं त्याचा हात धुतला, पदरानं पुसला आणि कितीतरी वेळ आपल्या हातात धरून ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत मी पेपर तपासत होतो. मुलगी शेजारी भातुकली खेळत होती. एक बाहुली तिनं मधोमध मांडली होती, दुसरी दूर, उंबऱ्यापलीकडे.

"ती का गं बाहेर?"

"ती मी आहे," मुलगी म्हणाली. "मावशी जेवून राह्यली ना. मी हात लावला तर तिचं जेवण खराब होते."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. पाण्यानं कपडे भिजतात, तसं तिनं सांगितलं.

मी पेन्सिल खाली ठेवली. तिच्या वयाचा असताना मला हे एका परक्या माणसानं विहिरीवर शिकवलं होतं. माझ्या मुलीला ते स्वतःच्या घरात कळलं, आणि घरात ते मी येऊ दिलं होतं.

त्याच दुपारी मी बाईंना म्हणालो, "उद्यापासून आमच्यासोबत जेवा. नाहीतर..." ती गेली तर मुलगा चंद्रपूरला जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मले पोटचं कोनी नाई, गुरुजी. भावाचं दार तेवढं हाये. थेबी बंद झालं त मी जाऊ कुठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. "जाऊन येतो," असं मुलीला सांगितलं आणि गेली. मी बहिणीला पत्र टाकलं.

आठवड्यानं बहीण आली. मुलाचे कपडे ती पिशवीत भरू लागली. मुलीनं आपले कपडे आणले आणि त्याच पिशवीत कोंबले. बहिणीनं ते काढले. मुलीनं पुन्हा भरले. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा बहिणीनं ते काढले नाहीत.

तेवढ्यात सपरीत मावशी उभी. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं.

"हे कुठी चालले?"

"माह्या घरी," बहीण म्हणाली. "तू त पळून गेली."

"पळून कायले जाईन? धान कापाले आलं होतं. अन् भावासंग भांडाले टाइम लागते, ताई."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आमच्या पातेल्यात तिनं नवा तांदूळ शिजवला, ताटं मांडली आणि आमच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. "वाढ मले," ती मुलीला म्हणाली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी डाव धरून इतका भात वाढला की अर्धा खाली सांडला. मावशीनं पहिला घास घेतला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

मी मीठ आणायला उठलो.

त्या वर्षी भाच्याच्या लग्नाला भावानं तिला बोलावलं नाही. लग्नाच्या दिवशी तिनं आमच्या घरातली सगळी अंथरुणं धुतली. पुढं भाऊ बोलू लागला, पण त्याच्या घरात तिच्या हातचं पाणी पुन्हा कुणी घेतलं नाही. हे तिनं मला कधीच सांगितलं नाही. शाळेच्या शिपायाकडून कळलं. मी त्या दुपारी बोललो ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिचं माहेर माझ्या बोलण्यानं तुटलं, हेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

ती शेवटपर्यंत आमच्याच घरी राहिली. गेल्या उन्हाळ्यात गेली. मुलगी नागपूरला असते, मुलगा पुण्याला. दोघं रोज एकमेकांशी फोनवर बोलतात. नागभीडच्या घरात मी असतो.