गौरवपुस्तिकेतील कॉइलविषयी

“मोठ्या काकांना जुनी वस्तू टाकवत नसे. बाबांच्या ई-सिगारेटच्या जळालेल्या कॉइल ते कोरून, सोल्डर करून पुन्हा वापरायला देत. अशाच एका कॉइलने खडकवासल्याला बाबांचा ओठ भाजला. बाबांनी त्याच दिवशी ते यंत्र टाकून दिले आणि पुन्हा सिगारेट हाती घेतली. प्रेमापोटी माणूस काय काय करून बसतो!”

हा मजकूर माझ्या धाकट्या भावाच्या पंचाहत्तरीनिमित्त कुटुंबाने छापलेल्या गौरवपुस्तिकेत आहे. लेखक त्याचे जावई. खराडीच्या एका संगणक कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि तेथे त्यांच्या हाताखालची माणसे त्यांचे लिखाण तपासत नसावीत. शेवटचे वाक्य उद्गारचिन्हासकट त्यांचेच आहे. मला क्षमा करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हे पुस्तिकेत नमूद नाही.

समारंभात दुसऱ्या रांगेत बसून मी ते पान वाचले. माझ्या आधी पुढच्या रांगेने वाचले होते, हे एकेक मान वळू लागली तेव्हा कळले. आरोप साधा आहे: दोन वर्षे सिगारेटपासून दूर राहिलेल्या माझ्या भावाला मी, माझ्या हाताने, पुन्हा सिगारेटकडे ढकलले. आज तो एक जिना चढताना दोनदा थांबतो. आरोप खरा असता तर मी तो निमूटपणे घेतला असता. तो खोटा आहे, म्हणून लिहितो आहे. आणि लिहिताना मला आनंद होतो आहे, हेही लपवत नाही.

प्रथम अज्ञान दूर करू. ई-सिगारेटच्या टाकीच्या तळाशी करंगळीच्या पेराएवढी धातूची एक नळी असते. तिला हेड म्हणतात. नळीत तारेचे लहानसे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्यातून ओवलेला कापूस. कापूस द्रव शोषतो, तार तापते, वाफ होते. काही दिवसांनी कापूस करपतो आणि तोंडात कडवट चव येते. कंपनी सांगते, हेड टाका, नवे घ्या. मी आयुष्यभर एका सरकारी कार्यशाळेत विद्युतमापके दुरुस्त केली. केसाएवढ्या तारेचे वेटोळे तुटले म्हणून अख्खे मापक फेकणारा साहेब आम्ही पाहिला नव्हता.

भावाने पहिले जळके हेड माझ्यापुढे ठेवले तेव्हा मी ते दोन दिवस नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी तळाची पिन पक्कडीत धरून ओढली. पिनेखाली रबराची एक कडी निघाली, कडीमागून काळा कापूस आणि तार. पुढचे काम माझ्या ओळखीचे होते. दोन मिलिमीटरच्या ड्रिलवर तारेचे सहा वेढे घ्यायचे. एक टोक रबराच्या कडीच्या आतून, दुसरे बाहेरून काढायचे. पिन पुन्हा दाबून बसवायची. दोन टोके एकमेकांना लागली तर शॉर्ट. म्हणून कापूस भरण्याआधी मल्टिमीटरवर ओहम पाहायचे. यात कोरणे कोठेही नाही. सोल्डर तर नाहीच. तापणाऱ्या तारेवर शिसे लावून ते भावाच्या छातीत पाठवण्याइतका मी मूर्ख आहे असे जावईबापूंना वाटले, यातून त्यांचे इंजिनिअरिंग कळते, माझे नव्हे.

तारेसाठी बुधवार पेठेत गेलो. दोन मीटर मागितली. दुकानदार वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, “रीळ घ्यावे लागेल. नाहीतर घरी जावे.” मी रीळ घेतले. हा माणूस मला आवडला.

कापसाने मात्र मला चार वेळा हरवले. घट्ट भरला की द्रव पोचत नाही आणि करपतो; सैल भरला की टाकी गळते. माझ्या पत्नीने सारा श्रावण फुलवाती वळण्यात घालवलेला. ती मागे उभी राहून माझी पाचवी खटपट पाहत होती. तिने माझ्या हातातला कापूस काढून घेतला, सरकीचे कण वेचले, तळव्यावर एकदाच फिरवला आणि वेटोळ्यातून असा ओढला की तो ना अडला, ना सुटला.

“देवाच्या वाती मीच वळायच्या आणि भाऊजींच्याही मीच,” ती म्हणाली. “तुम्ही नुसते ओहम बघा.”

तेव्हापासून तसेच चालले. दर पंधरा दिवसांनी भाऊ गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत जळकी हेड घेऊन येई आणि दुरुस्त केलेली घेऊन जाई. काम होईस्तोवर समोर बसे. चाळीस वर्षे दिवसाला दोन पाकिटे ओढणारा माणूस माझ्या टेबलापाशी दोन तास बसून एकदाही खिशाकडे हात नेत नसे. आमच्यात पूर्वी फारसे बोलणे नव्हते. त्या दोन वर्षांत झाले. मी जे गमावले म्हणतो ते हे. पुस्तिकेत याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

जावईबापूंना हे खपत नव्हते. एका परदेश दौऱ्याहून त्यांनी नव्या कोऱ्या हेडचे पाकीट आणले आणि जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांपुढे ठेवले. भाऊ म्हणाला, “राहू दे, आधी दादाची संपू देत.” सगळे हसले. जावईबापूही हसले, पण पाकीट त्यांनी परत स्वतःच्या खिशात घातले. ते मी पाहिले.

खडकवासल्याला आम्ही त्यांच्याच गाडीतून गेलो. धरणाच्या काठी कणसे भाजली जात होती. भावाला कडवट चव लागू लागली, हेड बदलायचे होते. बाटली गाडीत राहिली होती. जावईबापू म्हणाले, मी आणतो, आणि यंत्रच घेऊन गेले. पाचेक मिनिटांनी हेड बसवून, टाकी भरून ते परत आले आणि त्यांनी यंत्र सासऱ्यांच्या हाती दिले. मी भावाला नेहमी सांगत असे की कोरडा कापूस भिजायला दहा मिनिटे द्यावीत. ते सांगायला तोंड उघडतो तोवर त्याने बटण दाबून दीर्घ झुरका घेतला होता. करपल्याचा वास मला दोन हातांवर आला. त्याने पुन्हा एकदा जोराने ओढले आणि तापलेला थेंब उसळून त्याच्या ओठावर बसला. यंत्र दगडांवर आपटले.

“कुठले हेड घातलेत?” मी विचारले.

“तुमचेच की, काका. बाटलीतले,” जावईबापू म्हणाले.

भाऊ रुमालाने ओठ दाबून माझ्याकडे पाहत होता. “पुरे झाले तुझे उद्योग, दादा,” तो म्हणाला. तो असे बोलल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. परतताना त्याने रस्त्यात गाडी थांबवायला लावली आणि टपरीवरून पाकीट घेतले. कोणी अडवले नाही. मीही नाही. पुढे सरकारने ती यंत्रेच बंद केली, आणि विषय कायमचा मिटल्यासारखा झाला.

यंत्र मी दगडांतून उचलून खिशात टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेड काढून भिंगाखाली धरले आणि मिनिटभरात मला सगळे कळले. तरी मी गप्प राहिलो, आणि त्याचे कारण जावईबापूंविषयीच्या दाक्षिण्यात नव्हते. ते माझ्या गर्वात होते. दुरुस्ती अशी हवी की वस्तू कधी उघडली होती हे पाहणाऱ्याला कळू नये, असे मी भावाला त्या टेबलापाशी बसून शंभरदा ऐकवले होते. खरे सांगायचे तर ते मला साधत नव्हते. पुरावा मांडायचा तर आधी हे कबूल करावे लागले असते. मी भाऊ जाऊ दिला आणि बढाई राखली. या एका गोष्टीचा दोष मी घेतो. पुस्तिकेने तो मला दिलेला नाही.

समारंभानंतर मी जावईबापूंना फोन केला. म्हटले, “आपण लिहिले ते चूक आहे. चूकदुरुस्तीचे पान छापावे.”

“काका, लाइटली घ्या ना,” ते म्हणाले. “मस्त स्टोरी आहे, लोकांना आवडली. आणि तुमचे हेड नव्हते याला प्रूफ काय?”

भावाला ऐकू जावे म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मागे त्याच्या धापेचा आवाज येत होता. तो काही बोलला नाही. त्या न बोलण्यामुळे मी आता हे लिहितो आहे.

हे पान मी त्याच छापखान्यात, त्याच कागदावर, गौरवपुस्तिकेच्याच आकारात छापून घेतो आहे, म्हणजे ते तिच्यात ठेवता येईल. पुस्तिका ज्यांना मिळाली त्या प्रत्येक घरी ते जाईल. भावाची प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, सोबत ते हेड आणि माझे भिंग. जावईबापूंना वाटल्यास त्यांनीही यावे. येताना चष्मा आणावा.

कारखान्यात पिन यंत्राने दाबून बसवतात. तिला पक्कड कधी लागत नाही. मी मात्र हेड उघडले की पक्कडीचे दात पिनेच्या कडेवर उमटत. पक्कडीला चामड्याचा तुकडा लावून पाहिला, दात कानशीने घासले, तरी दोन वर्षांत ओरखडा न उमटवता एकही पिन मला काढता आली नाही. भावाच्या घरात माझ्या हातची जुनी हेड आजही पडलेली असतील; त्यांतले कोणतेही उचलून पाहावे.

खडकवासल्याच्या त्या हेडच्या पिनेवर एकही ओरखडा नाही.