डोणीवरचा फेस

मी तेव्हा पुण्यात इंग्रजी शाळेत होते. गणपतीच्या सुट्टीत वेल्ह्याजवळ मामाच्या गावी गेले होते. तिथे मी कमीच बोलायची. माझ्या शहरी बोलण्याला बायका हसत.

गोठ्यामागे गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. तिच्यावर उंबराची फांदी वाकलेली, आणि पानांना मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला. मामीने मला हाक मारली.

"येवढी शिकलियास, सांग की ह्ये काय हाय? बैलं पानी पित्यात हितं."

मला माहीत नव्हतं. पण त्या घरात पहिल्यांदाच कुणी मला काही विचारत होतं.

"किड्याचं असेल," मी म्हणाले. "पाण्यात पडलं तर बैलांना बाधेल."

मामीने लगेच डोणीच्या बुडाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढला. सगळं पाणी वाहून गेलं. बैल ओढ्यावर नेले. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोराची सर आली. ती ओसरल्यावर मी डोणीपाशी गेले आणि जागच्या जागी थांबले. फेस वितळून खाली गळत होता. त्यातून जिऱ्याएवढे काळसर ठिपके दगडावर पडत होते, आणि पडल्यावर वळवळत होते. त्यांना शेपट्या होत्या. बोळा नसल्यामुळे पावसाचं पाणीही डोणीत साचलं नव्हतं.

शेण भरायला आलेली म्हातारी वाकून बघायला लागली.

"आगं बया! झाडावरच्या हिरव्या बेडकाची पिल्लं ही. खाली पानी बघूनच बेडकी अंड्यांचा फेस लावती. पानी कुनी सोडलं?"

"आमच्या भाचीबाईंनी," मामी म्हणाली. "विंग्रजी शिकल्यात न्हवं!"

दोघी हसल्या. बेडूक पाण्यात अंडी घालतो, एवढंच मी शाळेत पाठ केलं होतं. इथे तो झाडावर घालत होता, आणि त्या अंड्यांखालचं पाणी मी काढून घेतलं होतं.

"रडतीस काय? पानी आन," म्हातारीने दटावलं आणि बोळा घट्ट बसवला.

मी ओढ्यावरून घागरी आणून ओतत राहिले. बुडाशी पडलेली काही पिल्लं पोहू लागली. काठावर पडलेली तशीच दगडाला चिकटून राहिली.

मामीने नंतर मला काही विचारलं नाही. मीच सुट्टीभर येता-जाता बोळा दाबून बघत होते.