पाचवा स्क्रू

आमच्या शहराच्या अख्ख्या लष्कर भागात माझ्यासारखा सुतार दुसरा नाही. हे माझी गिऱ्हाइकंच सांगतात, आणि मग दुसऱ्या सुताराकडे जातात.

शाळेचं आणि माझं तिसरीतच बिनसलं. त्यामुळे हे मी मोबाईलमध्ये बोलतोय आणि तो लिहून घेतोय. चुकलं तर त्याचं. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव माझी बायको वंदना मला वाचून दाखवायची आणि मी हसायचो. भूत, करणी, संकेत-बिंकेत... काही नाही, सगळं रिकामटेकड्यांचं काम. असं म्हणायचो मी.

तर गेल्या दिवाळीची सफाई. वंदना माळा झाडायला स्टूलावर चढली. स्टूल मीच बनवलेलं. लाज वाटते, पण सांगतो... घाईत असलो की आम्ही स्क्रू अर्धा हातोडीनेच ठोकतो आणि वरून दोन पेच फिरवतो. बाहेरून एकदम झकास दिसतं. त्या स्टूलाचा एक स्क्रू ठोकताना मनगटाला कळलं होतं की पकड गेली, लाकूड आतून फुटलं. म्हणलं, जाऊ दे, घरचंच तर आहे.

स्टूलाचा पाय निघाला. वंदना पाठीवर पडली. मणका मोडला.

सिटी सेंटर भागातल्या एका हॉस्पिटलात नेलं, नाव सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब, दोन्ही पाय हलताहेत, पण मणका ढिला आहे, उशीर केला तर पाय जातील. आत रॉड आणि स्क्रू टाकावे लागतील. स्क्रू! मी भिंतीला टेकलो. किती, कुठे, काही विचारलं नाही. विचारायचं तोंडच नव्हतं.

दुपारी बारा-साडेबाराला तिला आत घेतलं. बाहेर बाकावर मी आणि तिचा धाकटा भाऊ बाळू, बिड़ला नगरहून आलेला. आमच्या हिंदी मुलखात मराठी मेहुणेही जीजाजीच म्हणतात, भाऊजी कोणी म्हणत नाही. पण त्या दिवशी बाळू काहीच म्हणत नव्हता. स्टूल कोणाचं, त्याला माहीत होतं.

तास झाला असेल... माझं उजवं मनगट आवळायला लागलं. दुखणं नाही हो. जुन्या सागवानात स्क्रू फिरवताना जशी पकड लागते, घट्ट, अजून घट्ट, आणि मग बस्स, बसला. हातात काही नाही, आणि मनगट सांगतंय, बसला!

मी घाबरलो. कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या फाईलवर एक उभी रेघ मारली. का मारली, नका विचारू. कापायच्या आधी खूण करायची, ही हाताची सवय. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी, चौथी.

बाळू बोलला एकदाचा. "पेन्सिल ठेवा, जीजाजी. इथे पलंग नाही बनत आहे, दीदी आहे आत."

तेवढ्यात पाचवा. घट्ट, घट्ट... आणि एकदम पोकळ. पकडच गेली. तोच झटका, स्टूलाच्या वेळचा! रेघ तिरकी गेली. मग सहावा, नीट. मग काही नाही.

तीनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. "बढ़िया हो गया. छह स्क्रू डाले हैं."

मी फाईल बघितली. बाळूने बघितली. त्याने बोट लावून मोजल्या. त्याच्यासमोर मारल्या होत्या सहा रेघा.

वंदना शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य, "अहो, माझा डावा पाय कुठे आहे?" होता, तिथेच होता. पण तिला अंगठा उचलता येत नव्हता. सकाळी उचलत होती! डॉक्टर म्हणाले, सूज असेल, उद्यापर्यंत बघू. ऑपरेशन चालू असतानाच त्या कमानीच्या एक्स-रे मशीनवर समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहिलंय, सगळे स्क्रू सरळ आहेत.

"साहेब, पाँचवाँ टेढ़ा है."

"किसने कहा?"

"हाथ ने."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "काम क्या करते हो?"

"फर्नीचर."

"अच्छा करते हो?"

"नहीं सर," बाळू म्हणाला.

खरंच होतं. पण सरळ स्क्रू मला ओळखता येवो न येवो, वाकडा मी झोपेत ओळखेन, जन्मभर तेच केलंय. मी त्यांचे पाय धरले. वॉर्डातले लोक बघत होते, सिस्टर उठा उठा करत होती. मी स्टूलाचं सगळं सांगून टाकलं. साहेब, एकदा कळलं होतं आणि गप्प बसलो. आता गप्प बसलो तर ती उठायची नाही...

डॉक्टरांनी मला सोडवलं, तिचा पाय पुन्हा तपासला आणि सीटीला पाठवलं. पायाकडे बघून पाठवलं की माझ्याकडे बघून, ते त्यांनाच ठाऊक.

सीटी म्हणजे ओंडका आडवा कापून आत बघणं. समोरून-बाजूने चांगला दिसणारा ओंडका आतून किडका निघतो ना, तसं. डॉक्टरांनी स्वतः बोलावून दाखवलं. डावीकडचा मधला स्क्रू हाडाची भिंत फोडून नसेला टेकलेला. मी विचारलं, हा कितवा घातला होता? ते आठवत राहिले. आधी उजवीकडचे तीन, मग डावीकडे वरून खाली...

"पाँचवाँ," ते म्हणाले. आणि खुर्चीवर बसले.

लगेच परत आत घेतलं. त्या वेळी मी मनगट दुसऱ्या हाताने धरून बसलो होतो. काहीच लागेना. देवाला म्हणलं, एकदा तरी पकड लागू दे, बसला एवढं तरी कळू दे. काही नाही. मेलेला हात. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. बाळूने तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी त्या सगळ्यांसमोर गाढवासारखा रडलो.

अंगठा हलायला महिना लागला. पाऊल उचलायला तीन.

बाळू म्हणतो योगायोग. पण सहा रेघा, तिरकी पाचवीच, आणि मध्ये दोन भिंती... मनगटाला त्यानंतर असं कधी झालं नाही. मला काही सांगता येत नाही.

परवा शेवटची तपासणी होती. मी आधी आत घुसलो आणि दारातच उभा राहून डॉक्टरांना विचारलं, साहेब, आज तरी सांगा, मला बाहेर कसं कळलं? ते काही बोलायच्या आत मागून वंदनाने पाठीत बोट खुपसलं.

"अहो, दारातून सरका आधी. मला चालून दाखवायचंय."