पाण्याचे तीन थांबे

आधी मामा उजवा पंजा बॉनेटवर ठेवायचे. बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा, बोटं पसरून, अलगद. मग मान हलवायची, उतारूंकडे वळायचं आणि जाहीर करायचं, "लई तापलीया. पानी पाजाय पायजे. उतरा समदी, पाय मोकळं करा."

उतारू उतरायचे. तापलेल्या मोटारीत बसून राहण्याची कुणाची छाती होती? त्या काळात अशा सर्व्हिस मोटारीत तुम्ही बसला असाल, तर ही धास्ती तुम्हाला ठाऊक असेल.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या मोटार सर्व्हिसचे ते सर्वांत जुने ड्रायव्हर. हजेरीबुकात त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. मालकांपासून चौकातल्या पोलिसापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. मी तिथे कारकून होतो. टायर, ट्यूब, पेट्रोलचे डबे, टपावर सामान बांधायच्या दोऱ्या, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे. यादी पुरी झाली की झोप चांगली लागते, असं मी सर्वांना सांगत असे. मामा ऐकून घेत आणि म्हणत, "आमाला बिनयादीची लागती की."

त्यांची मोटार सोलापुराहून तुळजापूर, धाराशिव करत येडशी स्टेशनाला जायची. तिथे उतारूंना बार्शीकडची छोटी आगगाडी मिळे. वाटेत पाण्याचे थांबे तीन. पहिला हिपरग्याच्या तलावावर. दुसरा तुळजापूरचा घाट चढून गेल्यावर, वडाखालच्या विहिरीपाशी. तिसरा येडशीच्या अलीकडे, रानातल्या ओढ्यावर.

एकदा खेपांच्या जुन्या नोंदी चाळताना मला एक गोष्ट खटकली. भर वैशाखात, रस्त्यावरची खडीसुद्धा भाजत असताना, मामांचा थांबा दोन मिनिटांचा. आणि आश्विनात, सकाळी अंगावर घोंगडं घ्यावं लागे तेव्हा, पंधरा मिनिटांचा. मोटारीला तहान लागायची ती नेमकी थंडीत.

ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही. पण त्याच वर्षी आश्विनात एका वकिलाची येडशीची गाडी चुकली आणि त्यांनी मालकांना चिठ्ठी लिहिली.

"तू याद्या करतोस ना? मग आणखी एक कर," मालक मला म्हणाले. "उद्या मामाच्या शेजारी बस. कुठं थांबला, किती वेळ, कशासाठी, सगळं लिहून आण. दिवाळीच्या पाडव्याला नवी गाडी येतेय. ती त्याला द्यायची की पुण्याहून नवा ड्रायव्हर आणायचा, ते तुझ्या कागदावर ठरवू."

"आणि जुनी गाडी?"

"मोडीत."

"आणि मामा?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. घड्याळ, वही, दोन पेन्सिली. मामांनी हँडल मारलं, आत येऊन बसले आणि माझ्याकडे तिरपं पाहिलं.

"अण्णा, आज तुमी पुढं? पेन्सिलबी दोन. म्हंजे माझंच लिवायचं आसंल."

"मालकांनी सांगितलंय, मामा." मग नवी गाडी, पुण्याचा ड्रायव्हर, सगळं सांगून टाकलं. लपवून लिहिणं मला जमलं नसतं.

त्यांनी गाडी हलवली. मग म्हणाले, "खरं त्येच लिवा. खोटं लिवलं तर तुमास्नी झोप यायची न्हाय."

मला वाटलं, निदान आज तरी हा माणूस थांबणार नाही.

हिपरग्याला मोटार थांबली. पंजा बॉनेटवर गेला. "लई तापलीया."

मामांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि डबा कलता केला. पाणी आत गेलंच नाही. काठोकाठ भरलेलं होतं. ते वरून ओघळलं आणि चाकापाशी मातीत जिरलं. मामांनी ते पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. मी लिहिलं, 'हिपरगा. पाणी. गरज नव्हती.'

मग मान वर केली.

तलाव होता, पण त्याला पलीकडचा काठ नव्हता. पाण्यावरून पांढरं धुकं हळूहळू सरकत होतं आणि कुठे पाणी संपतं, कुठे आभाळ लागतं, ते कळत नव्हतं. मध्येच चारदोन बदकं दिसत, जणू कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेलंय. बंधाऱ्यावर तरवड पिवळाधमक फुलला होता. मागच्या बाकावर एक कापडाचे व्यापारी होते, ते उतरतानाच कुरकुरले, "ह्या मामाला तळ्यात उडी घ्यायची असेल तर घे म्हणावं एकदाची. आमची गाडी कशाला चुकवतोय?" पण थोड्या वेळानं पाहतो तर तेच गृहस्थ टोपी हातात घेऊन पाण्याकडे बघत उभे. बारा मिनिटं. लिहिली.

घाट चढून वडाखाली आलो. पुन्हा पंजा, पुन्हा डबा, पुन्हा पाणी मातीत. आता मला राहवलं नाही.

"मामा, भरलेलीच आहे की हो ती."

"व्हय."

"मग?"

ते विहिरीच्या कठड्यावर टेकले. खाली घाट आणि त्याच्या पलीकडे आमच्या सोलापूरकडचं सपाट रान उन्हात पसरलं होतं, धुरकट, निळसर.

"बावीस वरसं ह्याच रस्त्यानं कापसाची गाडी हाकली, अण्णा. खिल्लारी जोडी हुती. तळं, ही हीर आन् त्यो वढा, ह्या तीन जागी पानी प्यायची. मोटार हातात आली तवा मला वाटलं, जो पळतो त्याला तहान तितंच लागनार. म्हनून थांबाय लागलो. ही पीत न्हवती, वरनंच सांडायची."

"कळल्यावर तरी थांबायचं नाही?"

"बैलं पीत हुती तवा मी काय करत हुतो? बगत बसायचो. बैलं गेली, पर बगायचं सुटंना की."

"आणि वैशाखात दोनच मिनिटं का?"

"वैशाखात काय बगायचं, धुरळा?"

मी हे लिहिलं नाही. वहीत 'कशासाठी' असा रकाना होता, पण तो अर्ध्या बोटाचा होता; त्यात 'पाणी' एवढंच बसलं.

धाराशिव मागे पडल्यावर रान लागलं. झाडांतून ऊन गाळून येत होतं. दोन्ही बाजूंनी पिकलेलं गवत मोटारीच्या अंगाला घासत होतं. मामांनी इंजिन बंद करून गाडी उतारावर तशीच सोडली आणि आम्ही कसलाही आवाज न करता, झोपेत चालल्यासारखे, ओढ्यापर्यंत घरंगळत आलो.

गाडीत लेकीकडे निघालेली एक म्हातारी होती. ती खाली उतरली आणि ओढ्याकाठच्या झाडांवरची सीताफळं चाचपू लागली. डोळे उघडलेली तेवढी तोडून तिनं सगळ्यांना वाटली. "खावा रं, रानातलं हाय, कुनाच्या बाचं न्हाय." आम्ही खडकांवर बसून खाल्ली. व्यापारी बिया ओढ्यात टाकत होते आणि वाहून जाताना बघत होते. पानांमधून उन्हाचे कवडसे पाण्यावर पडत, हलत, पुन्हा जुळत. माझे हात चिकट झाले होते, म्हणून वही बाजूला ठेवली होती.

दूर शिट्टी झाली.

"आरं देवा, गाडी!" मामा उठले. आम्ही मोटारीकडे धावलो. येडशीला पोचलो तेव्हा गार्डानं निशाण उचललं होतं. मामांनी व्यापाऱ्यांचं गाठोडं स्वतः डब्यात फेकलं, व्यापारी मागोमाग चढले. गाडी हलली. खिडकीतून डोकं काढून ते ओरडले, "मामा, पुढच्या खेपेपासून जरा लवकर निघत जा!"

परतीच्या वाटेत वही उघडली. तिसऱ्या थांब्याची वेळ लिहायची राहून गेली होती. पोचल्याची नाही, निघाल्याची नाही. माझ्या वहीत रिकामा रकाना तोपर्यंत नव्हता. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आता?"

पण मी त्या व्यापाऱ्यांचं वाक्य घोळवत होतो. ते 'थांबू नका' म्हणाले नव्हते. 'लवकर निघा' म्हणाले होते.

मालकांपुढे मी दोन कागद ठेवले. पहिल्यावर खरं ते सगळं होतं. मालकांनी बोट ठेवलं. "तिसऱ्याची वेळ कुठंय?"

"बघायची राहिली."

"तुझी? राहिली?"

"हो."

"काय होतं तिथं एवढं?"

मी खूप विचार केला. "ओढा," म्हणालो.

मालकांनी दुसरा कागद घेतला. ते नवं वेळापत्रक होतं. सुटण्याची वेळ अर्धा तास अलीकडे, पोचण्याची होती तीच. मध्ये 'पाण्यासाठी थांबे, तीन'. त्यांनी ते दोनदा वाचलं. "गाडी पुन्हा चुकली तर तुम्ही दोघंही घरी," असं म्हणून सही केली.

पाडव्याला नवी मोटार आली. हार घालून झाल्यावर मामांनी पंजा बॉनेटवर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अण्णा, ही तापतच न्हाय की हो."

"तापेल," मी म्हणालो. "वेळापत्रकात लिहिलंय."

त्यानंतर पाच आश्विन ती तापली. येडशीची गाडी एकदाही चुकली नाही. सहाव्या वर्षी पावसाळ्यात मामा गुडघ्यांचं दुखणं घेऊन मोडनिंबजवळ आपल्या गावी गेले. गौरी उठल्यावर येतो म्हणाले होते. त्यांच्याऐवजी त्यांचा पुतण्या आला, ड्रायव्हरचा कोट आणि पाण्याचा डबा परत द्यायला. सामानाच्या यादीत दोन्हीपुढे मी 'जमा' लिहिलं.

आश्विन लागला तशी नव्या ड्रायव्हरबरोबर पहिली खेप होती. रस्ता दाखवायला मी शेजारी बसलो. पोरगा हुशार होता, वेळापत्रक पाठ करून आला होता. हिपरग्याला त्यानं बरोबर गाडी उभी केली, खाली उतरून झाकण उघडलं आणि आत डोकावला.

"साहेब, पाणी काठोकाठ आहे. इथं थांबायचं कशाला?"

उतारू गाडीतच बसून माझ्याकडे बघत होते. तलावावर धुकं होतं. पलीकडचा काठ नव्हता.

मी उतरलो. बॉनेटवर पंजा ठेवला, बोटं पसरून. पत्रा गार होता, दवानं ओला.

"लई तापलीया," मी म्हणालो. "उतरा सगळे."