कोरडा बंब

डिसेंबरात विजेचं बिल आलं आणि समाधाननं घरात कोणाला न विचारता गिझरच्या बटणावर चिकटपट्टी मारून टाकली. धरणगावात यंदा पारा सहावर उतरला होता. गल्लीतली माणसं ऊन येईतो गोधडीतून तोंड काढायला तयार नव्हती. तेव्हा समाधानच्या आईनं, मंजुळाबाईनं, माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला. बंब तिच्या माहेरचा. चिंच लावून लावून तिनं तो असा लख्ख केला की सुनेचं लग्नातही एवढं कौतुक झालं नसेल.

सून म्हणजे कोकिळा, जळगावात वाढलेली. धुरानं तिचे डोळे चुरचुरत, केसांना वास लागे. "विका हो ते भंगार," असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. पण गिझरला वीज लागते आणि बंबाला पऱ्हाट्या. कपाशी निघाली की तिच्या या वाळक्या काड्या शेतात फुकट. फुकटापुढे सुनेच्या डोळ्यांना कोण विचारतो!

बंबाचा कायदा एकच. जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. नाही ओतलं तर जाळ कोरड्या तांब्याला लागतो, सांध्याचा डाख वितळतो आणि बंब कामातून जातो. हा कायदा सगळ्यात कडक पाळायचा तो समोरच्या खोलीतला पुना आबा. मूळचा नरडाण्याकडचा, एकटा जीव, जिनिंगवर रखवालदार. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कुलपं ओढून बघण्यात गेली होती. मंजुळाबाईनं त्याला रोज एक बादली पाणी देऊ केलं होतं. तो काखेत पऱ्हाट्यांची मोळी घेऊन यायचा, आधी गार ओतायचा, मगच तोटीला हात लावायचा. "पह्यले देवानं, मंग लेवानं," आधी द्यायचं, मग घ्यायचं, असं कोणी न विचारता सांगायचाही.

त्या शुक्रवारी आबा नेहमीसारखा येऊन गेला. मागून कोकिळा डोक्यावरून न्हायली. दोन बादल्या काढल्या, तोटी थेंबाथेंबावर आली. सासूला पाणी कढत मिळावं म्हणून तिनं जाळात चार पऱ्हाट्या सारल्या. तेवढं सुनेचं कर्तव्य आठवलं. ओतायचं मात्र राहिलं, कारण आईचा फोन आला, आणि माहेरचा फोन काही दोन मिनिटांत संपत नाही.

मंजुळाबाई देवळातून आली तेव्हा बंबाचा सांधा उकलला होता.

"तू पाणी टाकलं होतं ना?" तिनं विचारलं.

"हो," कोकिळा म्हणाली.

एवढंच. तिला दुसरं सुचलंच नाही. खरं सांगितलं असतं तर सासू म्हणाली असती, मुद्दाम केलंस. भंगार भंगार करत होतीस ना! मग राहिला कोण? मंजुळाबाईनं समोर हाक मारली. "आबा, पानी टाकेल व्हतं ना तुम्ही?"

आबा दारात आला. त्यानं उकललेला सांधा पाहिला.

"टाकेल व्हतं... आसं वाटस," तो म्हणाला. मग हळूच, "इसरी गऊ व्हसू, अक्का." विसरलो असेन, असं त्यानं स्वतःच मानून टाकलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आणि चोर आत टॉवेलनं केस पुसत होता.

डाख द्यायला कल्हईवाले नासीरभाई आले. "बंबाचा कसूर नाही, भाभी," ते म्हणाले. "कोणीतरी तहानलेला ठेवला." कोकिळाला वाटलं, ते आपल्याकडेच बघून बोलले. खाई त्याला खवखवे. दोन दिवसांत बंब परत पेटला, पण आबा आला नाही. मंजुळाबाईनं दोनदा बोलावलं. तो म्हणे, नको अक्का, ठीक शे. चौथ्या दिवशी कोकिळानं त्याला नळावर गार पाण्यानं आंघोळ करताना पाहिलं. अंगाला नुसता काटा. 

दुपारी तिनं भरीत-भाकरी झाकून नेली. खोली गारठलेली. शेगडी उलटी करून कोपऱ्यात ठेवलेली. आबा घोंगडी पांघरून मुरमुरे खात होता. दारामागे खडूच्या रेघाच रेघा.

"आबा, हे काय?"

"कुलूप लावं का एक रेघ. नळ बंद करा का एक रेघ." तो ओशाळून हसला.

"आणि शेगडी?"

"पेटाडी आनि इसरनू तं? बठ्ठी गल्ली जळी जाई." जिनिंगच्या शेठलाही त्यानं सांगून टाकलं होतं, दुसरा माणूस बघ म्हणून. विसरणारा माणूस राखण काय करणार? "मना मोठा भाऊ शालिग्राम. पह्यले चप्पल इसरना, मंग घर, मंग माले. मी घास भराऊ, तो माले इचारे, तू कोन शे?"

कोकिळानं ताट खाली ठेवलं. एक बंब बिघडला असं ती समजत होती. तिच्या एका 'हो'नं या माणसाचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. तिला स्वतःची किळस आली.

"आबा, तुम्ही पाणी टाकलं होतं. मी दोन बादल्या काढल्या आणि टाकलं नाही. सासूबाईंना खोटं सांगितलं."

आता तो बोलेल, बोलावंच, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

"म्हंजे," आबा म्हणाला, "मी इसरनू नही?"

"नाही, आबा."

"खरं सांगस?"

"खरं."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मग तो हसायला लागला आणि हसता हसता घोंगडीत तोंड घालून रडला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर कोकिळाला सोसल्या असत्या. हा आनंद तिला सोसवेना.

तो उठला, बादली घेतली आणि अनवाणीच समोर गेला. मंजुळाबाई बंबाची राख काढत होती.

"अक्का, मी टाकेल व्हतं! मी इसरनू नही!"

"मग कोणी नाही टाकलं?"

आबानं मागे उभ्या कोकिळाकडे एकदा पाहिलं. "डाख जुना व्हता," तो म्हणाला. "सुटना व्हई."

पुन्हा तीच सोय. या वेळी तर 'हो'सुद्धा म्हणायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

"नाही," कोकिळा म्हणाली. "मी टाकलं नव्हतं. आणि तुम्हाला हो म्हणून सांगितलं."

मंजुळाबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं राखेचे हात झटकले. आबाच्या हातातली बादली घेतली आणि कोकिळाच्या हातात दिली. कोकिळानं ती नळाखाली काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि दोघांच्या देखत बंबात ओतली.