घामात उत्तम चालणारी पट्टी

"आई, हलू नका, एकदम बढिया सिग्नल येतोय," जावईबापू बाहेरच्या खोलीतून म्हणाले. मी तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते. डावा हात खांद्यापासून बधिर, आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालेलं. हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा आली.

जावई कॉलेजात प्लास्टिकवर संशोधन करतात. वीज वाहून नेणारं प्लास्टिक. जन्मभर ऐकलं की प्लास्टिकमधून करंट जात नाही, यांच्या प्लास्टिकमधून जातो. त्याची कांद्याच्या पापुद्र्यासारखी पट्टी केलीय, छातीला चिकटवली की हृदयाचे ठोके मोबाइलवर दिसतात. टोचत नाही, म्हाताऱ्या कातडीला झेपते, सगळं खरं. पण लावून बघायला घरातली म्हातारीच सापडली. जावयाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मूर्ख पद्धत आहे, पण मीही पाळली.

पट्टी मुलीनं सकाळी लावली आणि ती शाळेत शिकवायला गेली. ब्लाउजची वरची बटणं उघडी ठेवायची होती, म्हणून जावई बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसले. सासूकडे बघायचं नाही, सासूच्या हृदयाकडे मात्र दिवसभर बघायचं. ही त्यांची मर्यादा.

मला दरदरून घाम सुटला. या पट्टीला ओल लागते, कोरड्या कातडीवर तिला नीट ऐकू येत नाही. त्यामुळे मी जसजशी मरायला लागले, तसतशी मोबाइलवरची ठोक्यांची रेघ स्वच्छ होत गेली.

"वा आई, सकाळपेक्षा साफ आहे," बाहेरून आवाज आला.

वरच्या मजल्यावरची बाई विरजण मागायला आली म्हणून बरं. तिनं वाटी ओट्यावर ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"काकीजी, पसीना तो बरफ जैसा है." मग बाहेर बघून, "भिया, मोबाइल बाद में देखना, गाड़ी निकालो."

"लेकिन धड़कन तो नॉर्मल है," जावई पाठ न वळवता मोबाइलकडे बघतच म्हणाले.

"तो मोबाइल को ले जाओ अस्पताल. काकी को मैं ऑटो में ले जाती हूँ."

तेव्हा कुठे ते वळले. माझं तोंड बघितलं आणि गाडीची चावी दोनदा खाली पाडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाची बंद झालेली नळी उघडली. तिसऱ्या दिवशी जावई पलंगाशी बसून समजावायला लागले. पट्टी चुकली नव्हती म्हणे. ती फक्त ठोक्यांची लय बघते, आणि लय बरोबरच होती. रक्त कुठं अडलंय ते तिला कळत नाही.

"म्हणजे आई, मटेरियलनं काम एकदम सही केलं."

"पट्टीचं राहू द्या. तुम्ही दहा पावलांवर होतात, जावईबापू."

त्यांनी चादरीची घडी सारखी केली. मग विचारलं, त्या दुपारच्या नोंदी संशोधनात घेतल्या तर चालतील का. या माणसाला लाज नाही हे मला तेव्हा पक्कं कळलं. घ्या म्हटलं.

आता ते ती रेघ ठिकठिकाणी पडद्यावर दाखवतात, घामातही पट्टी किती उत्तम चालते म्हणून. लोक टाळ्या वाजवतात, मुलगी सांगते. ती रेघ निघत होती तेव्हा फरशीवर मी होते. मी जगले.