चिखलाचे टायर डांबरावर

जीपला चिखलाचे टायर मी धुळ्यात बसवले. माझं घर जळगावात, काम खुर्चीतलं. चिखलाशी संबंध एवढाच, की सासुरवाडी यावलकडची, केळीच्या बागांमधली. दुकानदाराने गुण सांगितले: ठोकळे खोल, गाळात पकड पक्की, दगडाने टायरची बाजू सहसा फाटत नाही, आणि अडकलेला चिखल टायर फिरता फिरता आपोआप झाडून टाकतो. तो चिखल जातो कुठे, हे मी विचारलं नाही.

अवगुण परतीच्या वाटेवर कळले. हायवेवर असा घूं आवाज, की पारोळ्यापासून बायको काय बोलत होती ते एरंडोलला गाडी थांबवल्यावर समजलं. ती म्हणत होती, "परत करा." डिझेल जास्त लागतं, आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की गाडी थोडा विचार करून थांबते. पण दिसतात झकास! नक्षी झाकली जाते म्हणून मी चाकांमागचे रबरी पडदे, म्हणजे मडफ्लॅपही, काढून टाकले.

त्याच हंगामात सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, फोन आला. "जवाईबापू, पाट फुटला. रस्त्याचा चिखल झाला, टॅक्टर फसलं. घड कापून पडले हायेत. सांजलोक माल नाही पोचला तं व्यापाऱ्याची गाडी निंघून जाईन."

माल परदेशी जाणारा. त्याच्या सालीवर ओरखडासुद्धा चालत नाही. वर्षभर राखलेली बाग एका डागाने नापास होते. मी ताबडतोब निघालो. इतका आनंद मला कुणाच्या अडचणीत झाल्याचं आठवत नाही.

फोमवर घड रचलेली बुटकी ट्रॉली जीपला जोडली. आणि खरं सांगतो, टायरांनी कमाल केली. गुडघाभर काळ्या मातीतून जीप म्हशीसारखी शांतपणे बाहेर आली. मजुरांनी शिट्ट्या मारल्या. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

डांबर लागलं आणि मी चौथा गिअर टाकला. आबा मोटरसायकलवर मागून येत होते. आरशात ते हात हलवताना दिसले. मीही हात हलवला. त्यांनी दोन्ही हात सोडून हलवले. मला वाटलं, काय ही कदर!

व्यापाऱ्याच्या पॅकहाऊससमोर उतरलो तेव्हा कळलं. टायरांनी सगळा चिखल, आतल्या खड्यांसकट, घडांवर झाडला होता. आबांचं पांढरं धोतर शेतातल्याच रंगाचं झालं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाने एक घड फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ही खेप नाही चालणार, आबा."

"टॅक्टरच्या टायरलेबी असेच दात राह्यतात," आबा मला म्हणाले. "पन त्याले भरधाव पयाची हौस नसते."

अर्धा माल अजून शेतात होता. दुसऱ्या खेपेला आबांनी मोटरसायकल जीपच्या पुढे घातली आणि बैलाच्या चालीने चालवली. डांबर लागल्यावर मला उतरवून काठीने टायरांचा चिखल काढायला लावला. मग पुन्हा तीच मिरवणूक. सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले; एकाने विचारलं, "आबा, नवरदेव कुठी नेता?"

"देवयात, पाया पडाले," आबा म्हणाले.

ती खेप पास झाली. पहिली खेप गावच्या बाजारात गेली, आणि तिच्यातले दोन घड जळगावला आमच्या घरी आले. आठवडाभर दोन्ही वेळा शिकरण होतं.